येऊरच्या वाडीत एक तंबू आणि बारा ग्लास: कीटक-सापळ्यांच्या एका पावसाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या दोघांचा प्रकल्प. मुलीला परोपजीवी गांधीलमाश्यांवर काम करायचं होतं, मुलाला जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांवर. मार्गदर्शक मी. साल 2023. माणसांची नावं आणि वाडीचा ठावठिकाणा मुद्दाम गाळला आहे. बाकी सगळं घडलं तसं लिहिलंय, माझ्या चुकांसकट.

दोघंही जर्मनीतला एक अभ्यास वाचून आले होते. 2017 मध्ये तो खूप गाजला. तिथल्या 63 संरक्षित जागांवर 27 वर्षं एकाच प्रकारचे सापळे लावून कीटक गोळा केले आणि वजन केलं, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं दिसलं. ‘सर, आपल्याकडे असं कुणी मोजलंय का?’ हा पहिल्या दिवसाचा प्रश्न. एका सापळ्याने आणि एका पावसाळ्यात घट मोजता येत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं. पण निदान काय काय सापडतं ते बघू, असं ठरलं.

त्या अभ्यासातला सापळा म्हणजे मालेज सापळा. रेने मालेज हा स्वीडिश कीटकतज्ज्ञ 1930 च्या दशकात ब्रह्मदेशात हिंडत होता. तंबूत शिरलेले कीटक वर वर चढत कोपऱ्यात जमतात आणि तिथे भोक असेल तर त्यातून निसटतात, हे त्याने पाहिलं. मग भोकाला बाटलीच लावली तर? 1937 मध्ये त्याने ही रचना प्रसिद्ध केली. आजही तत्त्व तेच आहे. मधे जाळीची उभी भिंत, वर उतरतं छप्पर आणि छपराच्या सर्वांत उंच टोकाला अल्कोहोलची बाटली. माशी भिंतीला अडते, सवयीने उजेडाकडे वर चढते आणि बाटलीत पडते. दिवा नाही, गूळ नाही, वास नाही. कीटक आपल्या वाटेने जात असतो, आपण फक्त वाटेत उभे असतो. म्हणून याला निष्क्रिय सापळा म्हणतात. हातजाळीने पकडताना पकडणाऱ्याचा डोळा आणि मनगट मधे येतं, इथे ते येत नाही.

भुंगेरे मात्र यात फारसे येत नाहीत. आपटला की भुंगेरा वर चढायच्या ऐवजी पाय आखडून खाली पडतो. म्हणून मुलासाठी दुसरा प्रकार निवडला, पिटफॉल. प्लॅस्टिकचा ग्लास जमिनीत काठापर्यंत पुरायचा, तळाला टिकवणारा द्रव ठेवायचा. रात्री धावणारा भुंगेरा, मुंगी, कोळी त्यात पडतो.

जागा आणि परवानगी

पहिला निर्णय जागेचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊर भाग आमच्यापासून बसने जाण्याइतका जवळ. पण राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी नमुने घ्यायचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रीतसर परवानगी हवी, आणि आमच्या हातात एकच सत्र होतं. अर्ज करून वाट बघायची की उद्यानाबाहेर खासगी जागा शोधायची? आम्ही दुसरं निवडलं. ओळखीतल्या एका कुटुंबाची येऊरला आंब्या-चिकूची जुनी वाडी आहे, एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला ओढा. मालक ठाण्यात राहतात. वाडी सांभाळतात तिथल्याच पाड्यावरचे काका आणि त्यांचं कुटुंब.

खासगी जागा म्हणजे मोकळं रान, असा विद्यार्थ्यांचा समज होता. तो तिथेच मोडून काढावा लागला. कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या सूचींमध्ये काही कीटकही आहेत, आणि सूचीतलं फुलपाखरू कुंपणाच्या अलीकडे असलं तरी सूचीतलंच असतं. आम्ही वन विभागाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवलं, काय लावणार, कुठे, किती दिवस, आणि सूचीतलं काही सापडलं तर कळवू, असं. उत्तर तोंडी आलं. लेखी पोचही मागून घ्यायला हवी होती. घेतली नाही.

सापळे तयार करताना

आयता मालेज सापळा परवडणारा नव्हता. जांभळी नाक्यावरून मच्छरदाणीचं कापड आणलं आणि कॉलेजजवळच्या शिंप्याकडे आराखडा दिला. भिंत काळी आणि छप्पर पांढरं हवं होतं, म्हणजे कीटकाला भिंत कमी दिसते आणि वरचा उजेड खुणावतो. काळं कापड कमी पडलं म्हणून शिंप्याने एका अंगाला पांढरा तुकडा जोडून टाकला. ‘मच्छर कुठं रंग बघतो?’ असं वर आम्हालाच विचारलं. उसवून पुन्हा शिवायला आठवडा गेला.

वाडीत पहिल्यांदा तंबू उभा केला तो आंब्याच्या गर्द सावलीत, आम्हाला उभं राहायला बरं वाटेल अशा जागी. काका बघत होते. म्हणाले, ‘सर, मच्छरदाणी इथं बांधलीत, पण माशा जातात तिकडनं.’ त्यांनी बोट दाखवलं ते ओढ्याच्या वरच्या कडेला, झाडी संपून गवत सुरू होतं त्या पट्ट्याकडे. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं: कडेला, उडण्याच्या वाटेला आडवी भिंत, बाटलीचं टोक उन्हाकडे. मी ते वर्गात दरवर्षी शिकवतो. तंबू हलवला. पहिल्या आठवड्याची बाटली जवळजवळ रिकामी होती, दुसऱ्या आठवड्याची गच्च भरली.

द्रवाचा प्रश्न अधिक नाजूक. बाटलीसाठी 95 टक्के अल्कोहोल लागणार होतं, कारण पुढेमागे डीएनए काढायचा तर पातळ अल्कोहोल चालत नाही, आणि रंग-वास मिसळलेलं स्पिरिट तर नकोच. ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर मिळतं. कॉलेजचा परवाना होता, नोंदवही होती, प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब होता. ग्लासांसाठी मुलाने स्वस्तातला उपाय शोधला होता, गाडीचं कूलंट. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि जबर विषारी. वाडीत काकांचे दोन कुत्रे, शेळ्या आणि एक तीन वर्षांची नात. कूलंट तिथल्या तिथे बाद झालं. त्याहून खूपच कमी विषारी असलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग पडलं, तरी तेच घेतलं.

बाटलीचाही धोका होताच. स्पिरिटचा वास ओळखीचा असतो आणि येऊरला शनिवार-रविवारी पार्ट्या करणाऱ्यांची वर्दळ असते. काकांनी सुचवलं तसं बाटलीवर लाल अक्षरांत ‘विषारी औषध’ लिहिलं. चार महिन्यांत बाटलीला कुणी हात लावला नाही.

अडचण पहिली: 28 जून

त्या वर्षी मुंबई-ठाण्यात मान्सून उशिरा, 25 जूनला पोचला. रविवार होता. ग्लास आम्ही त्याच्या चार दिवस आधी उघडले होते आणि आठवड्याने रिकामे करायचे असं वेळापत्रक होतं. सोमवार-मंगळवार मुसळधार. गुरुवारी आषाढी एकादशी आणि बकरी ईदची सुट्टी, म्हणून आम्ही बुधवारी, 28 तारखेला, वर गेलो.

बारापैकी नऊ ग्लास काठोकाठ भरले होते. ग्लासांवर पावसाला आडोसा म्हणून थर्माकोलच्या ताटल्या खिळ्यांवर टेकवल्या होत्या, त्या ओढ्याकडे वाहून गेल्या होत्या. पहिल्या ग्लासात वाणी किड्यांचा गुंता आणि त्याचा तो घाण वास. दुसऱ्यात नखाएवढी, नुकती शेपूट गळलेली बेडकं. मुलीने चिमट्याने एकेक काढून पानावर मांडायला सुरुवात केली, सतरा मोजली आणि पुढे मोजणं सोडलं. पाचव्यात सापसुरळी. नवव्यात चिचुंद्री, शेपटीपर्यंत भिजलेली, तोंड ग्लासाच्या कडेला लागलेलं.

मी म्हटलं, पावसाचं पाणी भरलं, बुडाली. काका खाली वाकून बघत होते. ‘बेडूक पाण्यात नाय मरत, सर.’

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

पहिल्या पावसाच्या आसपास बेडकं बाहेर पडतात, हे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. तरीही वेळापत्रक आखताना मी सत्राचं कॅलेंडर समोर ठेवलं होतं, पावसाचं नाही. निष्क्रिय सापळा निवड करत नाही, हा त्याचा गुण म्हणून आपण शिकवतो. त्या ग्लासांत त्याच गुणाची दुसरी बाजू पडलेली होती.

समोरचे पर्याय

त्याच दिवशी चिकूच्या झाडाखाली बसून चर्चा झाली. सगळे ग्लास बंद करून पावसाळ्यानंतर उघडावेत, हा एक मार्ग. पण भुंगेरे पाहायचे तर पावसाळाच हवा, ऑक्टोबरनंतर अर्धं जग झोपी जातं. दुसरा मार्ग कोरड्या ग्लासांचा: द्रव नाही, संध्याकाळी उघडायचे, पहाटे बघायचे, नको ते जिवंत सोडायचं. हे सर्वांत स्वच्छ. पण कोरड्या ग्लासात एक मोठा भुंगेरा रात्रभर बाकीच्यांना खात बसतो, आणि रोज पहाटे येऊरला कोण असणार? तिसरा मार्ग, ग्लासांवर जाळी. दीडेक सेंटिमीटरच्या छिद्रांची तारेची जाळी टाकली तर चिचुंद्री आणि मोठी बेडकं वाचतात, पण नखाएवढ्या बेडकांना जाळी म्हणजे दरवाजाच.

मुलाचा आक्षेप वेगळा आणि अभ्यासाच्या दृष्टीने रास्त होता. पद्धत मधेच बदलली तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. चार दिवस तसेच ठेवून पाणी काढून टाकू, असं त्याचं म्हणणं होतं. मी दहा वर्षांपूर्वी त्याच्या बाजूने बोललो असतो.

शेवटी जाळी आणि कमी दिवस यांचा मेळ घातला. दर पंधरवड्याला सलग तीनच रात्री ग्लास उघडे. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर उघडायचेच नाहीत. ताटल्या थर्माकोलच्या नाहीत, जुन्या कौलांच्या, दगडावर टेकवलेल्या. प्रत्येक ग्लासात एक काटकी तिरपी, म्हणजे छोटं बेडूक चढून बाहेर येऊ शकेल. थोडे भुंगेरेही त्याच शिडीने निसटणार, ते मान्य केलं. आणि रोज सकाळी काकांचा मुलगा फेरी मारणार, त्याचे दिवसाचे पैसे प्रकल्पातून. आधीचे सगळे पिटफॉलचे नमुने तुलनेतून बाद. मुलगा दोन दिवस बोलला नाही.

अडचण दुसरी: बाटल्या साठत गेल्या

ग्लासांच्या गडबडीत तंबूकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो आपलं काम चोख करत होता, आणि तिथेच घोळ झाला. दर बुधवारी पाचशे मिलीची बाटली भरून येत होती. एका बाटलीत हजारोंनी माश्या, चिलटं, तुडतुडे, पतंग, गांधीलमाश्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उचलून गटवार वेगळं करायचं. मुलगी कॉलेज सुटल्यावर रोज तीन तास बसायची. जुलैच्या मध्याला कपाटात सात बाटल्या होत्या आणि त्यातली दीड निवडून झाली होती.

शिवाय जुलै तो असा. सांताक्रूझच्या नोंदीत त्या वर्षीच्या जुलैने विक्रम केला. पावसाच्या आठवड्यांत बाटलीत पाणी शिरून अल्कोहोल पातळ व्हायचं, पतंगांचे खवले सगळ्या माश्यांना चिकटायचे आणि गांधीलमाशीचे पंख कागदाच्या लगद्यासारखे व्हायचे. ताणाच्या दोऱ्यांवरून मुंग्या चढून छपराच्या कोपऱ्यात ठाण मांडायच्या. एका आठवड्यात बाटलीच्या तोंडाशीच उडी मारणाऱ्या कोळ्याने घर केलं होतं. वर येणारा प्रत्येक कीटक आधी त्याच्या हातून जायचा. तो आठवडा हलका भरला, आणि मुलीने वहीत ‘पावसामुळे कमी’ असं लिहून टाकलं होतं. कोळी नंतर दिसला.

मुलीने विचारलं, पुढचे काही आठवडे तंबू खाली उतरवू का? मी नको म्हटलं. खंड पडला तर मालिका तुटेल, निवडायला दिवाळीची सुट्टी आहेच, असं माझं उत्तर. या प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय हाच, आणि तो पूर्णपणे माझा. दिवाळीपर्यंत कुणी निवडणार नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही. न निवडलेली बाटली म्हणजे विदा (डेटा) नव्हे, मेलेले कीटक. दोन आठवड्यांनी तिने मला कपाट उघडून दाखवलं. पातळ झालेल्या दोन बाटल्यांतला द्रव काळसर झाला होता आणि झाकण काढताच कुजका वास आला. त्या टाकून द्याव्या लागल्या.

मग उलट्या बाजूने हिशेब केला. एक बाटली निवडायला तिला पंधरा दिवस लागतात. तर महिन्यात दोनच बाटल्या. म्हणजे तंबू महिन्यातून दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद. बंद म्हणजे नुसती बाटली काढून चालत नाही, कीटक छपराखाली फिरत राहतात आणि कोळ्यांचं फावतं. भिंत सोडवून तंबू गुंडाळून ठेवायचा. दोऱ्यांना ग्रीस लावलं. बाटलीवर प्लॅस्टिकच्या डब्याची टोपी बसवली. दर भेटीत जुना द्रव काढून ताजा भरायचा, वरून भर घालायची नाही.

आणि साठलेल्या, अजून धड असलेल्या बाटल्या? त्या निवडायच्या नाहीत, गाळून, निथळून, ठरलेल्या वेळेनंतर वजन करायचं आणि ताज्या अल्कोहोलमध्ये बंद करून ठेवायच्या. जर्मनीतल्या अभ्यासानेही वजनच केलं होतं, ओलं. निदान त्या मेल्या जिवांचा एक आकडा तरी हाती राहिला.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ गायब झाला. देशभरात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमची बाटली मात्र जुलैपेक्षा जड. मुलीने आनंदाने आलेख काढला: कोरडं हवामान, जास्त कीटक. तो आलेख प्रबंधात गेला नाही. सापळा संख्या मोजत नाही, हालचाल मोजतो. संततधारेत माशी पानाखाली बसून राहते, उघडीप मिळाली की उडते. जुलैत कीटक कमी होते की कमी उडत होते, हे एका तंबूवरून सांगता येणार नाही, एवढंच वाक्य आम्ही लिहिलं. ग्लासांचंही तसंच. शिवाय नुकत्या खणलेल्या मातीभोवती पहिले काही दिवस हालचाल जास्त दिसते. म्हणून नव्याने बसवलेले ग्लास आठवडाभर झाकून ठेवूनच उघडले.

गांधीलमाश्यांच्या बारीक कुळांपर्यंत मुलगी पोचली. त्यापुढची ओळख तज्ज्ञाकडे पाठवावी लागली. तिथे आणखी एक जुनी चूक निघाली. मे महिन्यातल्या तीन कुप्यांवर तिने बाहेरून मार्करने लिहिलं होतं. अल्कोहोल ओघळलं, अक्षरं गेली. कुठल्या दिवसाच्या, कुठल्या सापळ्यातल्या, काही कळेना. नमुने उत्तम होते, पण तारीख-ठिकाण नसलेला कीटक तज्ज्ञही परत पाठवतो. त्यानंतर प्रत्येक कुपीत जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कीटकांबरोबर आत.

मुलाच्या ग्लासांत नवीन पद्धतीनंतर चिचुंद्री किंवा सापसुरळी आली नाही. बेडकं तुरळक आली. काकांचा मुलगा सकाळी जिवंत सापडलेली ओढ्यावर सोडायचा आणि वहीत रेघ मारायचा. त्याची वही मुलाच्या वहीपेक्षा नेटकी होती. प्रबंधात त्याचे आभार मानले आहेत, पण नोंदी कुणाच्या आहेत तेही तक्त्यातच लिहायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

मेमध्ये एक महिना नुसता तंबू लावून एक बाटली पूर्ण निवडायची, किती तास लागतात ते मोजायचं, आणि मगच आठवडे ठरवायचे. प्रकल्पाच्या कागदावर सापळ्यांच्या संख्येआधी निवडणाऱ्या हातांची संख्या लिहायची.

पिटफॉल पहिल्या पावसाच्या आठवड्यात उघडायचेच नाहीत. वाडीतला माणूस सुरुवातीपासून पगारावर घ्यायचा, बेडकं मेल्यावर नाही. उद्यानाच्या आतल्या जागेसाठी वर्षभर आधी अर्ज करायचा, म्हणजे कडेच्या वाडीतलं आणि जंगलातलं शेजारी शेजारी बघता येईल. आम्ही तो नंतर केला.

एका गोष्टीवर माझं आणि मुलाचं अजून जमत नाही. 28 जूनच्या ग्लासांतले भुंगेरे त्याने तेव्हा फेकले नव्हते, वेगळ्या कुपीत भरून ठेवले होते. जीव गेलेच आहेत तर निदान यादीत तरी घ्या, तुलनेत नको, असं तो म्हणतो. पद्धतीत बसत नाही म्हणून मी नको म्हटलं होतं. परवा ती कुपी काढून बघितली. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली आहे, तारीख आहे, ग्लासाचा क्रमांक नऊ. यादीत घ्यायला सांगितलं.